कपबशीच्या तळाशी कोणाचे नाव?



परभणीचा उरूस आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा हा उरूस फेब्रुवारीत भरतो आणि जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेडकडून सर्व जातिधर्मांची माणसे त्याला येतात. मुले पाळण्याकडे ओढतात. घरच्या बाया मात्र चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानापुढे थांबतात. निळ्या फुलांच्या कपबशा, लोणच्याच्या बरण्या, पांढऱ्या वाट्या. आमच्या घरातला सहा कपबशांचा पहिला जोड असाच उरसातून आला. तो कित्येक वर्षे फळीवरच राहिला. पाहुणे आले तरच खाली उतरायचा.

त्या जोडाविषयी आमच्या आजीचा एक नियम होता. कपाचा कान तुटला की कप घरात ठेवायचा नाही. चहा पिता येतो, गळत नाही, मीठ-मिरची ठेवायला चालेल, असे आम्ही सांगून पाहिले. आजी ऐकत नसे. घरात पैशाची चणचण, रोजंदारीवर सगळा संसार, आणि ही बाई चांगला कप उकिरड्यावर टाकते, याचे आम्हाला नवल वाटे. पुढे मोठे झाल्यावर कारण कळले.

गावच्या हॉटेलात वळचणीला एक कप उपडा ठेवलेला असायचा. कान तुटलेला. तो आपल्या माणसांचा. चहा वरून ओतला जायचा, बाहेर उकिडवे बसून प्यायचा, आपल्या हाताने कप विसळायचा आणि पुन्हा तेथेच उपडा घालायचा. पैसे मात्र आत बाकावर बसणाऱ्याइतकेच. आजीने तो कप आयुष्यात बराच काळ पाहिला होता. म्हणून आपल्या घरात आलेल्या कोणत्याही माणसाच्या हातात कान तुटलेला कप जाऊ द्यायचा नाही, हे तिने ठरवले होते.

या एका कपासाठी देशाला कायदा करावा लागला, हे मुलांना सांगितले पाहिजे. संविधानाच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता संपवली. 15 व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे सर्वांना खुली केली. त्यानंतर 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात हॉटेलातील सर्वांसाठीची भांडी वापरू न देणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरला. हाच कायदा पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला.

एवढ्याशा मातीच्या भांड्यात माणसाने किती मोठी विषमता भरून ठेवली! हा रोग आपल्याच देशात होता की आणखी कोठे? याचा शोध घेताना आम्ही फार दूरच्या, पण आपल्याशी धम्माचे नाते असलेल्या एका देशात जाऊन पोहोचलो. तो देश म्हणजे कोरिया. तेथील नक्षीदार चिनी मातीची भांडी जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने ठेवलेली आहेत. त्या भांड्यांची आणि ती घडवणाऱ्या हातांची हकिकत आज आपण पाहू.

कुंडिका : नाव आपले, माती त्यांची

कोरियात बुद्धाचा धम्म इ. स. 372 साली पोहोचला. त्यानंतर बारा वर्षांनी, 384 साली, मलानंद नावाचे भिक्खू त्या देशाच्या पेक्चे नावाच्या राज्यात आले. ते भारताकडून आल्याचे तेथील परंपरा सांगते. पुढे 918 ते 1392 या काळात तेथे गोर्यो घराण्याचे राज्य होते. कोरिया हे नावसुद्धा या गोर्योवरूनच पडले. या राज्यात बौद्ध धम्माला राजाश्रय होता. विहारे उभी राहिली आणि विहारांना लागणारी भांडीही घडू लागली. धूपपात्रे, वाडगे, पाण्याची पात्रे.

यातील एका पात्राचे नाव ऐकून आपल्याला आनंद होईल. उंच निमुळत्या मानेचे, बाजूला पाणी भरण्याची छोटी तोटी असलेले हे पात्र. जगभरचे अभ्यासक त्याला ‘कुंडिका’ म्हणतात. शब्द आपल्याकडचा. भारतातले भिक्खू प्रवासात पाण्यासाठी जे पात्र जवळ ठेवीत, तेच चीनमार्गे कोरियात गेले. तेथे बुद्धमूर्तीपुढे शुद्ध पाणी ठेवण्यासाठी ते वापरले जाऊ लागले. त्यावर तेथल्या कारागिरांनी कमळे, वाळुंजाची झाडे आणि तळ्यातली पाखरे काढली. ज्या देशात कित्येकांना मडक्याला हात लावू दिला जात नव्हता, त्याच देशातून निघालेले पाण्याचे पात्र परदेशी वंदनेत जाऊन बसले. शाळेत शिपाई नसेल तर लहानग्या भीमरावाला तहानलेले राहावे लागे, ही गोष्ट आपल्या घरातील प्रत्येक मुलाला पाठ आहे. तिच्या शेजारी ही कुंडिका ठेवून पाहावी.

हिरवा रंग कसा येतो?

गोर्यो काळातील या भांड्यांचा रंग हिरवट-निळा असतो. पाऊस उघडल्यावर झाडांवर जी झाक दिसते तसा. 1123 साली चीनच्या दरबारातून आलेल्या श्यू जिंग नावाच्या अधिकाऱ्याने या रंगाची खास नोंद करून ठेवली. ज्या चीनने जगाला चिनी माती शिकवली, त्या चीनच्या माणसाने शिष्याची अशी दखल घ्यावी, ही मोठीच गोष्ट होती.

हा रंग वरून फासलेला नसतो. भांड्यावर राख, माती आणि दगडाच्या भुकटीचे पातळ कालवण चढवतात. भट्टीत ते वितळून काचेसारखे होते. त्यालाच झिलई म्हणतात. या झिलईत किंचित लोह असते. भट्टी तापली की हवेची वाट कमी करतात. जाळाला हवा पुरेना झाली की तो झिलईतल्या लोहातला प्राणवायू ओढून घेतो आणि लोहाचा रंग तांबूस न होता हिरवा होतो. हवा थोडी जास्त झाली तर भांडे पिवळट-तपकिरी निघते. दार कधी लिंपायचे, लाकूड कधी टाकायचे, हे सारे जाळाचा रंग पाहून ठरवायचे. मोजायला काही साधन नव्हते. कारागिराचे डोळे हेच मोजमाप.

नक्षीची रीत तर त्याहून अवघड. बाराव्या शतकात कोरियाच्या कारागिरांनी ‘सांगाम’ नावाची पद्धत नावारूपाला आणली. चाकावरून उतरलेले भांडे अर्धवट वाळू द्यायचे, इतके की बोट दाबले तर ठसा उमटणार नाही, पण टोकदार हत्यार मात्र सहज चालेल. मग त्यावर बगळे, ढग, कमळे, शेवंतीची फुले कोरायची. कोरलेल्या खाचेत पांढऱ्या किंवा तांबड्या मातीचे कालवण भरायचे. ते सुकले की वरचे जादा तासून काढायचे. असे केले की खाचेत तेवढी नक्षी उरते. एकदा भाजायचे, मग झिलई चढवून पुन्हा भाजायचे. पांढरी माती पांढरीच राहते, तांबडीतील लोह काळे होते. हिरव्या झिलईखाली पांढरे बगळे आणि त्यांचे काळे पाय असे चित्र तयार होते. आपल्याकडे बिदरच्या काळ्या सुरईत चांदीची तार बसवतात, तिचीच ही मातीतील बहीण समजावी. एवढे सगळे करूनही भट्टीत भांडे तडकले की महिन्याची मेहनत एका रात्रीत वाया.

ही भांडी कोरियाच्या दक्षिणेकडील कांगजिन आणि पुआन या भागांत तयार होत आणि समुद्रमार्गे राजधानीला जात. 2007 साली तेआन येथे एक मजेशीर प्रकार घडला. एका कोळ्याने पकडलेल्या छोट्या अष्टपाद प्राण्याने आपल्या बिळाचे दार म्हणून एक हिरवी बशी कवटाळून धरलेली होती! बशी पाहून तज्ज्ञ धावले. समुद्राच्या तळाशी सुमारे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी बुडालेले जहाज सापडले आणि त्यातून वीस हजारांहून अधिक भांडी निघाली. सोबत लाकडी पट्ट्यांच्या चिठ्ठ्याही होत्या. माल कोठून निघाला, राजधानीत कोणत्या अधिकाऱ्याच्या घरी द्यायचा, हे त्यांवर लिहिलेले होते.

पाठवणारे गाव त्यांवर आहे आणि घेणाऱ्याचे घर आहे. भांडे घडवणाऱ्याचे नाव मात्र त्या चिठ्ठ्यांत वाचायला मिळत नाही.

नाव लिहा, म्हणजे शिक्षा देता येईल

1392 साली गोर्यो राज्य गेले आणि जोसन घराणे आले. नव्या राज्याने कन्फ्यूशियसचा मार्ग धरला आणि बौद्ध धम्माला बाजूला सारले. विहारांच्या जमिनी गेल्या. भिक्खूंना समाजाच्या तळात ढकलण्यात आले. राजधानीच्या वेशीतून आत येण्याची बंदी त्यांच्यावर घातली गेली, ती 1895 सालापर्यंत उठली नाही. धम्म दुबळा होतो तेव्हा समता कशी दुबळी होते, हे कोरियाच्या इतिहासातही दिसते.

नव्या दरबाराला हिरवी भांडी नको होती. पांढरी, स्वच्छ, साधी भांडी हवी होती. म्हणून शुभ्र चिनी मातीचे युग सुरू झाले. ही माती साधी नव्हे. आपल्या कुंभाराचा आवा हजार अंशांच्या आत असतो. चिनी मातीला मात्र सुमारे 1300 अंशांची धग लागते. मग ती अशी घट्ट होते की पाणी झिरपत नाही आणि टिचकी मारली की घंटेसारखी वाजते. त्यावर कोबाल्ट नावाच्या खनिजाने निळी चित्रे काढत. हे खनिज पश्चिम आशियातून चीनमार्गे येई. ते फार महाग होते. म्हणून राजधानीतून दरबारी चित्रकार भट्टीवर जात आणि ते नक्षी काढत. माती तुडवणारा, चाक फिरवणारा, भट्टी पेटवणारा वेगळा आणि कुंचला धरणारा वेगळा. मान कोणाचा, हे सांगायला नको.

आता तीन कायदे पाहा. 1421 साली हुकूम निघाला की सरकारात जमा होणाऱ्या भांड्याच्या तळाशी ते करणाऱ्या कारागिराचे नाव लिहावे. वाचून बरे वाटते ना? पण कारण वाचा. काम खराब निघाले तर कोणाला धरायचे आणि कोणाकडून भरपाई घ्यायची हे कळावे, म्हणून ते नाव. कारागिराचे नाव भांड्यावर आले ते सन्मानासाठी नव्हे, आरोपीच्या यादीत लिहावे तसे आले.

1466 साली राजा सेजो याच्या काळात सामान्य जनतेला पांढरी चिनी मातीची भांडी वापरण्याची मनाई झाली. निळ्या नक्षीच्या भांड्यांवर तर आधीपासूनच निर्बंध होते. ज्याने ती घडवली त्याने त्यात जेवायचे नाही. त्याच्यासाठी खरबरीत, करड्या मातीचा वाडगा.

आणि 1543 च्या कायद्याने सांगितले की भांडी घडवणाऱ्याच्या मुलाने दुसरा धंदा धरायचा नाही, बापाचाच करायचा. राजधानीजवळच्या क्वांगजू भागात सरकारी भट्ट्या होत्या. तेथे 380 कारागीर नोंदवलेले असत. लाकूड संपले की साधारण दर दहा वर्षांनी भट्ट्या दुसऱ्या डोंगराकडे हलत आणि कारागिरांचे संसारही त्यांच्यामागे फरफटत जात. शेतीला वेळ नाही, दुसऱ्या कामाला परवानगी नाही. 1697 सालच्या दुष्काळात या सरकारी भट्टीवरची 39 माणसे उपाशी मेली, अशी दरबाराच्याच दप्तरात नोंद आहे. राजाच्या ताटासाठी शुभ्र वाडगे घडवणाऱ्यांच्या घरी त्या वाडग्यात घालायला भात नव्हता.

जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 साली दाखवून दिले. कोरियात आपल्यासारखी जातिव्यवस्था नव्हती हे खरे. पण जन्मावरून काम ठरवले की माणसाचे काय होते, हे 1543 चा तो कायदा सांगतो. तेथे पेकजोंग नावाचा एक वर्ग तर अस्पृश्यांसारखाच जगत होता. खाटीककाम, कातडीकाम करणारी ही माणसे. 1894 साली कायद्याने भेद मिटवला, पण लोकांच्या मनातून तो गेला नाही. तेव्हा एप्रिल 1923 मध्ये जिंजू शहरात त्यांच्यासाठी समतेची चळवळ उभी राहिली. तिचे नाव तराजूवरून घेतलेले होते, दोन्ही पारडी सारखी असावीत म्हणून. आपला महाडचा सत्याग्रह 1927 चा. समुद्रापलीकडची दोन माणसे एकमेकांना न पाहता एकच मागणी करीत होती.

पळवून नेलेले हात

भांड्यांना मोल होते आणि हातांना नव्हते, असे आपण म्हणतो. पण एका प्रसंगी हातांनाही मोल आले, आणि तो प्रसंग फार दुःखाचा होता. 1592 ते 1598 या काळात जपानने कोरियावर स्वाऱ्या केल्या. परत जाताना जपानी सरदारांनी कोरियाचे कुंभार कुटुंबेच्या कुटुंबे उचलून नेली. या युद्धाला ‘भांड्यांचे युद्ध’ असेही नाव पडले आहे.

त्यांपैकी यी सामप्योंग या कारागिराला जपानच्या अरिता गावाजवळ चिनी मातीसाठी लागणारा पांढरा दगड सापडला. साल 1616 असे सांगतात. त्यातून जपानचा चिनी मातीचा उद्योग उभा राहिला. पुढे डच व्यापाऱ्यांनी अरिताची भांडी युरोपभर विकली. 2016 साली अरिताने या घटनेची चारशे वर्षे साजरी केली.

पण आमच्या वाचक भगिनींना आम्ही दुसऱ्या एका नावाची ओळख करून देऊ इच्छितो. पेक पासन. पतीसोबत तीही जपानात नेली गेली. पती वारल्यावर ही बाई खचली नाही. नऊशेच्या वर कोरियन माणसांचा तांडा घेऊन ती अरिताला गेली आणि तेथे भट्ट्या चालवू लागली, असे सांगतात. 1656 साली, वयाच्या 96 व्या वर्षी ती वारली. तिच्या पणतवाने 1705 साली अरिताच्या बौद्ध मंदिरात तिचा स्मृतिस्तंभ उभारला. आज तिला जपानी चिनी मातीची माता म्हणतात.

आता तिच्या नावाचा अर्थ ऐका. पेक पासन म्हणजे ‘शंभर वर्षांची म्हातारी’. ते तिचे खरे नाव नव्हे. तिच्या आईबापांनी तिला कोणत्या नावाने हाक मारली, ते त्या दगडावर नाही.

आपल्या मातीत काय होते?

हे वाचून कोणी म्हणेल, कोरियाचे आम्हाला काय? म्हणून जरा आपल्या महाराष्ट्राकडे येऊ.

नाशिकजवळच्या त्रिरश्मी लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील, म्हणजे तिसऱ्या शतकातील, एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक कुळातील उपासिकेने विहारातील आजारी भिक्खूंच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवली, असे त्यात कोरलेले आहे. ही ठेव कोणाकडे ठेवली? कारागिरांच्या संघांकडे, ज्यांना त्या वेळी श्रेणी म्हणत. त्यांत तेल गाळणाऱ्यांची श्रेणी आहे आणि ‘कुलरिकां’चीही आहे. कुलरिक म्हणजे कुंभार, असा अर्थ अभ्यासक लावतात. एक हजार कार्षापण त्यांच्या हवाली केले होते. आज आपण बँकेवर जेवढा विश्वास टाकतो, तेवढा त्या काळी बौद्ध उपासिकेने कुंभारांवर टाकला. चाक फिरवणारा माणूस हलका आहे, हे तिला कोणी शिकवलेले नव्हते.

आपल्या मराठवाड्यातच धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले संग्रहालय आहे. सातवाहन काळातील पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती तेथे पाहायला मिळतात. दोन साच्यांत माती दाबून, दोन्ही भाग जोडून त्या केलेल्या आहेत. केसांची वेणी, कानातले, गळ्यातले दागिने इतके बारीक, की जवळ जाऊन पाहावे लागते. या तेरमध्येच विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेषही उत्खननात मिळालेले आहेत.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेत जॉर्ज टेरी या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली झिलईदार भांडी होऊ लागली. त्यांतील काहींवर अजिंठ्याच्या भिंतींवरची नक्षी उतरवलेली होती. ही भांडी परदेशी संग्रहालयांत गेली. ती टेरीच्या नावाने ओळखली जातात. माती मळणारे, चाक फिरवणारे आपले हात बहुतेक निनावीच राहिले.

म्हणजे गोष्ट तीच. कोरिया असो, जपान असो की मुंबई, भांडे कपाटात गेले आणि हात मातीत राहिले.

नाव परत मिळते तेव्हा

पण कोरियाची हकिकत येथे संपत नाही, म्हणून तर ती आपण वाचायची. 1880 च्या दशकात सरकारी भट्टी बंद पडली. त्यानंतर जपानची गुलामी आली, युद्ध आले आणि कारखान्यातील स्वस्त भांडी आली. जुनी विद्या मरणार असे दिसू लागले. तेव्हा 1962 साली कोरियाने कायदा केला. वाडे आणि मूर्ती यांच्याबरोबर माणसाच्या हातातील विद्या हीसुद्धा देशाची ठेव मानायची, ती जाणणाऱ्या माणसाला राष्ट्राने मान द्यायचा, त्याला मानधन द्यायचे आणि त्याने ती पुढच्यांना शिकवायची.

या कायद्याखाली 1996 साली भांडी घडवणाऱ्यांतून पहिला राष्ट्रीय मान मिळाला तो किम जोंग-ओक यांना. मुनग्योंग या डोंगराळ भागातील घराण्याची ही सातवी पिढी. पायाने फिरवायचे चाक, मातीच्या गोळ्यांनी बांधलेली चढणीवरची भट्टी, पाइनच्या लाकडाचा जाळ, हे सारे त्यांनी सोडले नाही. ज्यांच्या पूर्वजांचे नाव भरपाईच्या भीतीने लिहिले जात होते, त्या घराण्याचे नाव आता देश अभिमानाने घेतो.

कोरियाचे आणखी एक भांडे जगात फार नावाजलेले आहे. चंद्रघट. सतराव्या-अठराव्या शतकातील पांढरा, गोल, नक्षी नसलेला मोठा रांजण. एवढा मोठा आकार चाकावर एकसंध उभा राहत नाही, आपल्याच ओझ्याने खचतो. म्हणून दोन मोठे वाडगे करून तोंडाला तोंड लावून जोडत. जोड पोटावर कोठेतरी दिसतोच. गोलाई किंचित कलते. कोणतेही दोन चंद्रघट सारखे नसतात. लोक त्या कललेल्या गोलाईपुढे तासन्‌तास उभे राहतात, कारण तेथे माणसाचा हात दिसतो. तळाशी नाव नसले तरी तो जोड हीच त्या कारागिराची सही आहे.

घराघरात काय करावे?

आम्ही कोणाला उपदेश करू इच्छित नाही. तरी चार गोष्टी सुचवाव्या वाटतात.

बुद्धपौर्णिमेला पणत्या घेतो, उन्हाळ्यात माठ घेतो. घेताना ज्याच्याकडून घेतो त्याचे नाव विचारावे. फार घासाघीस करू नये. माती कोठून आणता, आवा किती दिवसांनी लावता, हे मुलांना विचारू द्यावे. त्या माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटते ते मुले कधी विसरणार नाहीत.

मुलांना सहलीला तेरचे संग्रहालय आणि नाशिकची त्रिरश्मी लेणी दाखवावी. तेथे विष्णुदत्तेची गोष्ट सांगावी. आपले पूर्वज कारागिरांना काय समजत होते, हे त्यांना दगडावर कोरलेले दिसेल.

मुलीला किंवा मुलाला मातीकाम, चित्रकला आवडत असेल तर ‘त्यात काय आहे’ म्हणून हसू नये. बापाचा धंदा मुलाने केलाच पाहिजे हा कायदा जुलमी होता. पण आवडीने, शिकून, मानाने केलेले हाताचे काम हलके नसते. सक्तीचे तेवढे वाईट. शिक्षण घेऊन निवडलेले काम कोणतेही असो, ते मोठेच.

आणि शेवटची गोष्ट आजीची. आजी आता नाही. परवा घरात एका कपाचा कान तुटला. सुनेने तो धुऊन फळीच्या कोपऱ्यात ठेवला होता. आमच्या लहान नातीने तो पाहिला आणि विचारले, हा कोणाचा? आम्ही तिला जवळ बसवले आणि वळचणीच्या कपाची सगळी हकिकत सांगितली. तिने ऐकून घेतले. मग उठली, कप घेतला, त्यात माती भरली आणि अंगणातून तुळशीचे नव्हे, झेंडूचे रोप आणून लावले. खडूने त्यावर काहीतरी लिहिले. आम्ही वाकून पाहिले. आजीचे नाव होते.

जयभीम!